शेवट न सापडलेल्या नऊ रचना

प्रश्न : सातव्या वर्षी मला गिटारच्या क्लासला घातलं. आठव्या ग्रेडपर्यंतच्या सगळ्या परीक्षा दिल्या, गुणही चांगले मिळाले. कॉलेजात बँडमध्ये होते. आता एकतीस वर्षांची आहे, नोकरी करते आणि अधूनमधून गायकांच्या साथीला वाजवते. गेल्या काही वर्षांत माझ्या स्वतःच्या नऊ रचना झाल्या आहेत. शब्द नाहीत, नुसती गिटार, स्टीलच्या तारांची अकूस्टिक. सगळ्या फोनमध्ये पडून आहेत. काहींचा शेवट अजून सुचायचा आहे. मला त्यांचा अल्बम काढायचाय, कुठल्या कंपनीच्या मागे न लागता. कोणता इंटरफेस (माइक कॉम्प्युटरला जोडणारा डबा) घ्यावा, एक माइक पुरेल की दोन, कंडेन्सर की डायनॅमिक, खोलीला फोम लावावा का, की सरळ स्टुडिओच घ्यावा, हे बघता बघता सहा महिने गेले. जितके व्हिडिओ बघते तितका गोंधळ वाढतो. ज्यांच्याकडे शिकले ते सर म्हणतात, 'अजून पिकू दे, घाई करू नकोस.' मैत्रीण म्हणते, नोकरी सोडल्याशिवाय हे तुझ्याच्याने होणार नाही. मला उशीर झालाय का? सुरुवात कुठून करू?
– सहा तारा

उत्तर : सप्रेम नमस्कार. तुमच्या पत्रात इंटरफेस, माइक आणि फोमवर एक लांबलचक वाक्य आहे. त्याच्या जरा आधी 'काहींचा शेवट अजून सुचायचा आहे' हे पाच शब्द टाकून तुम्ही पुढे निघून गेलात. घोडं पेंड खातंय ते या पाच शब्दांपाशी. बाकीच्या प्रश्नांकडे वळतोच, पण आधी याचं बोलू.

लहानपणापासून क्लासमध्ये शिकलेल्या वादकांच्या बाबतीत हे फार वेळा दिसतं. हात उत्तम तयार असतात आणि रचना अर्ध्यावर अडकलेल्या असतात. यात त्यांचा आळस नसतो. परीक्षेत जे वाजवायचं त्याचा शेवट कागदावर छापलेला असतो. वेग वर लिहिलेला असतो, कुठे जोर द्यायचा ते लिहिलेलं असतं, कधीकधी कुठलं बोट वापरायचं तेसुद्धा. परीक्षक एकदाच ऐकणार, म्हणून चुकलं तरी न थांबता पुढे जायचं हेही शिकवलेलं असतं, आणि ते बरोबरच आहे. पण किती वेगात वाजवू, कुठल्या पट्टीत, मधला भाग एकदा घेऊ की दोनदा, आणि थांबू कुठे, हे विद्यार्थ्याला कधी ठरवावं लागत नाही. आठही ग्रेड झाल्या तरी हा प्रश्न पेपरात येत नाही. स्वतःचं रेकॉर्डिंग करायला बसलं की मात्र पहिल्या मिनिटापासून हेच काम असतं. सहा महिने माइकची तुलना करण्यात गेले त्याचं कारण मला तरी हेच वाटतं. माइक घेऊन झाला की समोर रचनाच उरते.

म्हणून आधी नऊपैकी तीन निवडा. बाकी सहा फोनमध्येच राहू देत, त्या कुठे पळून जात नाहीत. निवडताना 'सगळ्यात अवघड कुठली' हा निकष लावू नका. परीक्षा दिलेल्या माणसाचा हात आपोआप तिकडेच जातो. ज्या रचना तुम्ही एखाद्यासमोर 'अजून अर्धवट आहे हं' असं न म्हणता सुरू करू शकाल, त्या घ्या.

मग त्या कागदावर उतरवा. तुम्हाला नोटेशन येतं, वर्षानुवर्षं घासून मिळवलेली ती विद्या इथे कामाला येईल. प्रत्येक सूर लिहायची गरज नाही. भाग कुठले, प्रत्येक भाग किती बारचा (बार म्हणजे तालाच्या मात्रांचा एक गट), कोणत्या क्रमाने, कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) कुठल्या फ्रेटवर (नेकवरच्या आडव्या पट्टीवर), आणि तारा कशा लावल्या होत्या. हे शेवटचं विसरू नका. सहावी तार ई वरून डी वर उतरवली होती हे जुना तुकडा ऐकून कळतं, पण डी-ए-डी-जी-ए-डी सारखं लावलं असेल आणि त्याला दोन वर्षं झाली असतील, तर स्वतःचंच वाजवणं शोधत एक अख्खी संध्याकाळ जाते.

वेगही लिहून ठेवा, आकड्यात. फोनमधला तुकडा लावा आणि त्याच्याशी मेट्रोनोम (ठरलेल्या वेगात 'क्लिक' वाजवणारं यंत्र) जुळवून बघा. सुरुवातीला मिनिटाला 84 ठोके आणि शेवटाकडे 93 निघाले तर दचकू नका, एकट्याने वाजवताना बहुतेकांचं असंच होतं. प्रश्न एवढाच, की ती चढती लय तुम्हाला हवी आहे की अवघड भाग जवळ आल्यावर हात घाबरून पळालेत. हवी असेल तर ठेवा. एकल गिटारला क्लिकवर वाजवायची सक्ती नाही आणि पुष्कळदा क्लिकने रचना ताठरते. पण मोकळी लय घ्यायची तर ती आपण घेतली आहे हे ठाऊक असावं. म्हणून तयारी क्लिकवर करा आणि रेकॉर्डिंगच्या वेळी तो बंद करून बघा.

राहिला शेवट. बऱ्याच अर्धवट रचनांचा शेवट आधीच होऊन गेलेला असतो. वाजवणाऱ्याला तो पुरेसा भरदार वाटत नाही, म्हणून तो पुढे एक नवा भाग जोडतो आणि तिथून बाहेर पडायची वाट सापडत नाही. तेव्हा सगळ्यात शेवटी सुचलेला भाग काढून टाका आणि वाजवून बघा. नाही जमलं तर पहिल्या ओळीवर परत या, पण ती पूर्ण करू नका. ऐकणाऱ्याला पुढचं माहीत असतं, ते तो मनात पुरं करतो. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसती शिवून काढलेला सूर) 'टिंग' करून संपवायचा मोह होईल. सगळ्यांनाच होतो, म्हणूनच टाळा. आणि आवाज हळूहळू कमी करत विरवून टाकायची पळवाट मी तुमच्यापुरती बंद करतो आहे. एकट्या गिटारवर ती ऐकताना लगेच कळते की वादकाने हात वर केले.

तीन शेवट ठरेपर्यंत काही विकत घेऊ नका. फोन पुरतो.

शेवट ठरले की रोज एक रचना सलग वाजवून फोनवर घ्या आणि दुसऱ्या दिवशी ऐका. वाजवल्या वाजवल्या ऐकलं की कान हातांची बाजू घेतात. दुसऱ्या दिवशी चुकलेले सूर तुम्हाला वाटले होते त्यापेक्षा कमी निघतील. ऐकू येतील त्या वेगळ्याच गोष्टी, साथीला वाजवताना गायकाच्या आवाजाखाली झाकल्या जाणाऱ्या. उदाहरणार्थ बोट सरकल्याची ती 'चिर्र'. जाड तारांवर बारीक तारेचं वेटोळं असतं, त्यावरून बोटाचं टोक ओढत नेलं की हा आवाज येतो. तो समूळ घालवायच्या फंदात पडू नका, गिटार माणूस वाजवतोय हे त्यातूनच कळतं. पण प्रत्येक कॉर्ड बदलताना येत असेल तर कान तेच ऐकत बसतो. बोट आधी सरळ वर उचला, मग हात हलवा. आधाराला एखादं बोट तारेवर ठेवून सरकायचंच असेल तर ते पहिल्या किंवा दुसऱ्या, साध्या तारेवरचं असू द्या.

दुसरी गोष्ट खर्जाची. ई कॉर्डवरून डी वर गेलात, बोटं बिनचूक पडली, तरी मोकळी सहावी तार खाली गुणगुणत राहते. कार्यक्रमात ते कुणाला कळत नाही, पण माइकसमोर दोन कॉर्डचा चिखल होतो. उजव्या अंगठ्याच्या कडेने ती तार हलकेच दाबून गप्प करायची. ही सवय लागायला काही आठवडे जातील, आणि ते आठवडे कुठल्याही यंत्रावर केलेल्या खर्चापेक्षा जास्त ऐकू येतील. क्लासमध्ये आपण सूर केव्हा सुरू करायचा यावर मेहनत घेतो. तो केव्हा संपतो हे मात्र हात आपल्या सोयीने ठरवतो.

आता सामान. थोडक्यात सांगतो. गिटार आधी सेटअपला द्या. तारांची उंची, नेकचा (दांडीचा) बाक, झिजलेल्या फ्रेट, ब्रिजवरची तारांची लांबी, हे सगळं तपासून घ्या. वरच्या फ्रेटवर बेसूर होणारी गिटार महागड्या माइकने आणखी स्पष्ट बेसूर ऐकू येते. त्यानंतर दोन इनपुटचा, 48 व्होल्टचा फँटम पॉवर (कंडेन्सर माइकला लागणारी वीज) देणारा कुठल्याही नावाजलेल्या कंपनीचा साधा इंटरफेस, लहान डायफ्रॅमचा (आवाजाने थरथरणाऱ्या पडद्याचा) एक कंडेन्सर माइक, न डगमगणारा स्टँड आणि कान पूर्ण झाकणारा हेडफोन. एक माइक पुरेल. दोन लावले की दोघांकडे आवाज किंचित मागेपुढे पोचतो, आणि नीट जुळवले नाहीत तर फोनच्या एकाच स्पीकरवर ऐकताना गिटारचा अर्धा भराव गायब होतो. गिटारमध्ये पिकअप (तारांची थरथर थेट केबलमध्ये देणारा भाग) असेल तर केबल थेट जोडून मोकळं व्हावंसं वाटेल. ब्रिजखालचा पिकअप स्टेजवर शिट्टी वाजू नये म्हणून छान असतो, पण एकल रेकॉर्डिंगला तो आवाज कोरडा आणि टोचरा लागतो.

सॉफ्टवेअर कुठलंही चालेल. 24 बिट आणि 48 किलोहर्ट्झवर रेकॉर्ड करा. सगळ्यात जोराचा भाग वाजवून बघा आणि काटा उणे 10 डेसिबलच्या आसपास राहील इतकाच गेन (माइकच्या आवाजाची वाढ) द्या. 24 बिटमध्ये खाली इतकी जागा असते की आवाज थोडा कमी आला तर नंतर वाढवता येतो. वर फाटला तर मात्र तो टेक (एका वेळचं रेकॉर्डिंग) गेला.

फोम लावू नका. पातळ फोम फक्त वरचे, तीक्ष्ण आवाज शोषतो. खर्ज तसाच घुमत राहतो आणि खोली एकाच वेळी मंद आणि बोदी वाजते. गिटार घेऊन घरभर हिंडा, प्रत्येक खोलीत तोच तुकडा वाजवा. कपड्यांचं कपाट, पुस्तकांची मांडणी, गादी असलेली खोली बहुधा जिंकते. कोपऱ्यात बसू नका, तिथे खर्ज गोळा होतो. बसायची जागा ठरली की काहीही न वाजवता मिनिटभर रेकॉर्ड करून हेडफोनवर मोठ्याने ऐका. पंखा, फ्रीज, ट्यूबलाइटची गुंगुं, रस्त्यावरची वाहनं, सगळी मंडळी हजर असतील. कुणाला बंद करता येतं आणि कुणासाठी रात्र व्हायची वाट बघायची, ते तिथे ठरेल.

माइक साउंडहोलसमोर धरायचा नाही. बहुतेक जण तिथेच धरतात, कारण आवाज तिथून येताना दिसतो. मोठ्या खोक्याच्या गिटारमध्ये आतली हवा साधारण 100 हर्ट्झच्या आसपास घुमते आणि त्या भोकातून ती ढगासारखी बाहेर पडते. माइक नेक आणि खोका जिथे जुळतात तिथे रोखा, 20 ते 30 सेंटिमीटर अंतरावर. मग दोन बोटं इकडे, दोन बोटं तिकडे सरकवत प्रत्येक वेळी थोडं रेकॉर्ड करून ऐका. या कामाला घाई करू नका, मिक्समध्ये (रेकॉर्ड झालेला आवाज नंतर घडवताना) तासन्‌तास डोकं लावून जे मिळत नाही ते इथे दोन बोटांत मिळतं. जागा सापडली की खुर्चीच्या पायांशी आणि स्टँडच्या तळाशी जमिनीवर चिकटपट्टी लावून खुणा करा, नाहीतर उद्याची गिटार आजच्या गिटारपेक्षा वेगळीच वाजेल. खुर्ची करकरणारी नको. मनगटावरचं घड्याळ काढा, खोक्याला घासणारी बटणं नसलेला कपडा घाला. आणि नाकाने जोरात श्वास घेत असाल तर ते आत्ताच कळलेलं बरं.

स्टुडिओबद्दल विचारलंत. रचना तयार असतील तर चांगल्या खोलीत, चांगल्या इंजिनिअरसोबत एका दिवसात तीन एकल रचना आरामात होतात, आणि तो फार समाधानाचा दिवस असतो. तयार नसतील तर तुम्ही घड्याळाकडे बघत वाजवाल. मी तुम्हाला आधी घरी करायला सांगतोय ते पैशांपेक्षा या कारणासाठी. घरचं म्हणजे दुय्यम असं मानायचं कारण नाही. अमेरिकी रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनने जानेवारी 1982मध्ये राहत्या घरी, कॅसेटवर चार ट्रॅक घेणाऱ्या यंत्रावर आणि साध्या डायनॅमिक माइकवर काही गाणी घेतली. ती बँडला दाखवायचे नमुने होते. नंतर बँडसोबत स्टुडिओत ती पुन्हा केली, पण ती जान काही येईना. शेवटी त्याच वर्षी ती कॅसेटच 'नेब्रास्का' हा अल्बम म्हणून बाहेर आली. अर्थात तो तोवर प्रचंड नावाजलेला होता, त्यामुळे 'त्याचं जमलं म्हणून माझंही जमेल' एवढा अर्थ काढू नका. चार ट्रॅकवर मावेल तेवढंच ठेवायचं, म्हणजे प्रत्येक गोष्ट तिथल्या तिथे ठरवावी लागते. तुमच्याकडे अमर्याद ट्रॅक असतील, तो धोका आहे.

प्रत्यक्ष रेकॉर्डिंगबद्दल काही. नव्या तारा आदल्या दिवशी चढवा, ओढून ओढून बसवा. त्याच दिवशी चढवल्या तर दर दोन मिनिटांनी उतरतील आणि जास्त किंचाळतील. प्रत्येक टेकच्या आधी तारा तपासा, कॅपो लावल्यावर पुन्हा तपासा, कारण कॅपो तारा किंचित चढवतो. आणि कानाने लावत असाल तर एक फसगत ओळखून ठेवा. 'जी' (G) ही कॉर्ड गोड लागेपर्यंत दुसरी तार उतरवलीत की तीच तार ई कॉर्डमध्ये उतरलेली लागते. 'जी' मध्ये ती तार गांधाराच्या जागी असते, आणि गिटारच्या फ्रेट ज्या समान अंतराच्या पद्धतीने बसवतात तिच्यातला गांधार आपल्या शुद्ध गांधारापेक्षा साधारण 14 सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) चढा असतो. ई मध्ये तीच तार पंचमाच्या जागी जाते आणि पंचमाला एवढी सूट चालत नाही. म्हणजे तुमचा कान बरोबर आहे, फक्त ती सोय एकाच कॉर्डपुरती आहे. ट्यूनरवर लावा, मग त्या रचनेत खरोखर येणाऱ्या कॉर्ड त्यांच्या जागी वाजवून तपासा.

रेकॉर्डचं बटण दाबलं की हात लाकडी होतात, ते सगळ्यांचेच होतात. परीक्षा दिलेल्यांचे जरा जास्त, कारण त्यांना बटणामागे परीक्षक बसलेला दिसतो. बटण दाबा आणि बंद न करता वाजवत राहा. पहिले दोन टेक बोटं सैल करायला असं समजा. चूक झाली तर दोन बार मागे जाऊन तिथून पुढे चालू ठेवा. जोडकाम करताना एक नियम पाळा: जोड नव्या, ठसठशीत सुराच्या ऐन तोंडाशी द्या. सूर घुमत असताना मध्येच कापलं तर आधीच्या कॉर्डची शेपटी तुटते आणि ऐकणाऱ्याला कारण कळलं नाही तरी खटकतं. म्हणूनच तर दोन बार मागून वाजवायचं, म्हणजे नव्या तुकड्यातही ती शेपटी असते. एका बैठकीत पाचसहा टेक झाले की थांबा. सातव्यापासून माणूस चुका टाळायला वाजवतो, आणि ते ऐकू येतं.

मिक्समध्ये एका गिटारला करायचं फार थोडं असतं. खालचा गडगडाट थोडा कमी करा, पण मोकळी सहावी तार 82 हर्ट्झला बोलते हे लक्षात ठेवून. डी वर उतरवली असेल तर 73ला. थोडा रिव्हर्ब (कृत्रिम घुमारा) द्या आणि मग तो जितका वाटतोय त्याच्या निम्मा करा. हळू आवाजात ऐका, फोनवर ऐका, दुसऱ्या दिवशी ऐका. मास्टरिंग (प्रकाशनाआधी आवाजावरचा शेवटचा हात) मात्र स्वतः करू नका. तुमची सवय झालेला कान तिथे उपयोगाचा नाही, दुसरा हवा. त्या माणसाला सांगा की उगाच मोठ्ठं करू नका. स्पॉटिफाय सगळ्यांचा आवाज उणे 14 एलयूएफएसच्या (हे कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप) आसपास आणूनच ऐकवतं, त्यामुळे ठेचून मोठं केलेलं तिथे पुन्हा खाली येतं आणि हातातला हळूजोरपणा फुकट जातो.

प्रकाशनाचं काम कंटाळवाणं आहे, पण ते नीट केलंत तर पुढची कटकट वाचते. स्पॉटिफायसारख्या ऐकवणाऱ्या सेवांवर रचना पोचवायला वितरण सेवा लागते. काही वार्षिक वर्गणी घेतात आणि ती थांबली की रचना उतरवू शकतात, काही एकदाच शुल्क घेतात, काही उत्पन्नात वाटा. करारातलं दोनच गोष्टींसाठी वाचा: मालकी तुमच्याकडे राहते का, आणि बाहेर पडायचं तर कसं. एका रचनेत दोन वेगळे हक्क असतात, एक रचनेचा आणि एक त्या ठरावीक रेकॉर्डिंगचा. तुमच्या बाबतीत दोन्ही तुमचे. पण एखाद्या मित्राला तालवाद्याला बोलावलंत किंवा कुणी फुकट रेकॉर्ड करून दिलं, तर वाजवायच्या आधी कोणाचा किती वाटा ते चार ओळींत लिहून दोघांनी सह्या करा. मैत्री आहे म्हणूनच लिहा. प्रत्येक रेकॉर्डिंगला आयएसआरसी नावाचा 12 अक्षरी-आकडी क्रमांक मिळतो. तो जपून ठेवा, उद्या वितरण सेवा बदललीत तर तोच क्रमांक द्यायचा. तुमच्या नावाचा दुसरा कलाकार आधीच तिथे नाही ना, हे आधी शोधा. नाहीतर तुमची रचना कुण्या अनोळखी रॅपरच्या पानावर जाऊन बसेल. फॉर्ममध्ये 'वाद्यसंगीत' ही खूण करायला विसरू नका. तारीख तीन-चार आठवडे पुढची ठेवा. स्पॉटिफायच्या संपादकांकडे रचना सुचवायची तर ती प्रकाशनाच्या किमान सात दिवस आधी द्यावी लागते.

पैशांची आशा धरू नका. 2024पासून स्पॉटिफायवर ज्या ट्रॅकला आधीच्या बारा महिन्यांत 1,000 वेळाही ऐकलं गेलेलं नाही त्याला मानधनच मिळत नाही. बँडकॅम्पसारख्या ठिकाणी ऐकणारा थेट विकत घेतो, तिथे थोड्या लोकांकडूनही काहीतरी हाती लागतं. म्हणून दोन्हीकडे ठेवा.

यावरून नोकरीचं उत्तर आलंच: सोडू नका. तुमच्या मैत्रिणीचं मन चांगलं असेल, हिशोब चुकीचा आहे. तीन एकल रचनांना दिवसाचे आठ तास लागत नाहीत. आठवड्यातल्या ठरलेल्या दोन संध्याकाळी आणि एक शांत रात्र लागते. पगार येत असला की रचना विकली जावी असं तिच्यावर ओझं पडत नाही. अमेरिकी जॅझ गिटारवादक वेस माँटगोमेरी दिवसा कारखान्यात राबायचा आणि रात्री क्लबात वाजवायचा. स्वतःच्या नावाचा त्याचा पहिला अल्बम 1959मध्ये झाला तेव्हा तो 36 वर्षांचा होता.

आणि उशिराचं म्हणाल तर अमेरिकी लोकसंगीतातल्या एलिझाबेथ कॉटन यांची गोष्ट ऐका. जन्म 1890च्या दशकातला. लहानपणी घरच्या वाद्यावर आपली आपण शिकल्या, डावखुऱ्या असल्यामुळे गिटार उलटी धरून. मग कित्येक दशकं वाद्य सुटलं, लोकांच्या घरी काम करून दिवस काढले. ज्या घरी काम करत होत्या ते घर निघालं संगीतवाल्यांचं. त्या घरातल्या मुलाने, माइक सीगरने, घरगुती टेप रेकॉर्डरवर त्यांचं वाजवणं घेतलं आणि 1958मध्ये त्यांचा पहिला अल्बम आला. तेव्हा त्या साठी ओलांडून पुढे गेल्या होत्या. एकतिसाव्या वर्षी उशीर झाला असं म्हणायला तुम्हाला कुणी परवानगी दिली?

राहता राहिले सर. 'घाई करू नकोस' हे ते प्रेमाने म्हणत असतील, आणि कदाचित बरोबरही असतील, पण अशा मोघम वाक्याचं करायचं काय? त्यांना तुमच्या तीनपैकी एक रचना समोर बसून पूर्ण वाजवून दाखवा आणि विचारा, 'सर, नेमकं कुठे कच्चं वाटतंय? कुठल्या बारला?' तुम्हाला हात त्यांनी दिलेत, त्यामुळे उजव्या हाताचं, तालाचं, आवाज गप्प करण्याचं ते जे सांगतील ते मुकाट्याने करा. रचना कशी संपवावी यावर ते काही म्हणाले तर ऐकून घ्या आणि घरी येऊन स्वतःचं वाजवा. मात्र हे सगळं माइक लावायच्या आधी. टेक निवडून झाले, मिक्स सुरू झालं, की मग सरांना काहीही ऐकवू नका. ते दुसऱ्या भागातल्या एखाद्या दबलेल्या सुरावर बोट ठेवतील, ते खरंही असेल, आणि तुम्ही पुन्हा पहिल्या बारपासून सुरुवात कराल. मास्टर झालेली फाइल, तारीख जाहीर झाल्यावर पाठवा.